लघुपट महोत्सवाला निघाला असेल, तर पोस्टकार्ड असे तयार करा

आपला लघुपट एखाद्या महोत्सवात निवडला गेल्याची ईमेल आली की बहुतेक नवे दिग्दर्शक आधी पोस्टर करायला घेतात, आणि महोत्सव चार दिवसांवर आला की त्याच पोस्टरची फाईल लहान करून तिची पोस्टकार्डे छापून घेतात. ही कार्डे दिसायला वाईट नसतात, पण फारशी उपयोगी पडत नाहीत, कारण पोस्टर आणि पोस्टकार्ड यांची कामे वेगळी आहेत. पोस्टर भिंतीवर राहते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चित्रपटाचे नाव दोन-चार वेळा दाखवते. पोस्टकार्ड माणसाबरोबर निघते, शर्टाच्या खिशात किंवा महोत्सवाच्या झोळीत जाते, आणि रात्री खोलीवर 'उद्या काय पाहायचे' हे ठरवताना वेळापत्रकाशेजारी पडलेले असते. त्या वेळी ते कोणता चित्रपट, कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणत्या सभागृहात एवढे सांगू शकले नाही, तर त्यावरचे चित्र कितीही सुंदर असले तरी माणूस दुसऱ्या खेळाला जातो.

पहिल्यांदाच महोत्सवाला निघालेल्या दिग्दर्शक-निर्मात्यांसाठी या कामाच्या पायऱ्या येथे क्रमाने दिल्या आहेत. मित्रांच्या आणि विद्यार्थ्यांच्या लघुपटांसाठी मी पुण्यात अशी कार्डे अनेकदा करून घेतली आहेत, आणि त्यात झालेल्या चुकाही पुढे सांगितल्या आहेत. सोयीसाठी आपण 'खळ्यावरची सायकल' नावाचा चौदा मिनिटांचा एक काल्पनिक मराठी लघुपट उदाहरणाला घेऊ, आणि तो आधी मुंबईच्या व नंतर फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँच्या महोत्सवाला निघाला आहे असे समजू.

आधी महोत्सवाकडून काय विचारून घ्यावे

लघुपट एकटा दाखवला जात नाही, ही या सगळ्या कामातली मूळ अडचण आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफितींचा जो पहिला खेळ झाला, तोसुद्धा सहा छोट्या चित्रफितींचा मिळून होता. आजही महोत्सवात पाच-सहा लघुपटांचा मिळून एक कार्यक्रम केला जातो आणि वेळापत्रकात त्या कार्यक्रमाचेच नाव किंवा क्रमांक छापला जातो. क्लेरमाँ-फेराँला आंतरराष्ट्रीय स्पर्धेतल्या कार्यक्रमांना 'आय' या रोमन अक्षरापुढे आकडा लावून ओळखतात, आणि फ्रेंच स्पर्धेतल्या कार्यक्रमांना 'एफ' हे अक्षर असते. तेथे जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत आठवडाभर एकच कार्यक्रम वेगवेगळ्या सभागृहांत पुन्हा पुन्हा दाखवला जातो. म्हणजे प्रेक्षक 'खळ्यावरची सायकल'चे तिकीट काढत नाही. तो अमुक क्रमांकाच्या कार्यक्रमाला जातो, आणि त्यात तुमचा चित्रपट असतो. कार्डावर हा क्रमांक नसेल, तर चित्र आवडूनही माणसाला वेळापत्रकात तुमचा चित्रपट सापडत नाही.

गोव्यातल्या इफ्फीमध्ये, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, अडचण थोडी वेगळी आहे. तेथे भारतीय चित्रपटांच्या 'इंडियन पॅनोरामा' विभागातले नॉन-फीचर चित्रपट, म्हणजे लघुपट-माहितीपट, पुष्कळदा पूर्ण लांबीच्या चित्रपटाला जोडून दाखवले जातात, आणि रांगेतल्या लोकांच्या तोंडी त्या मोठ्या चित्रपटाचेच नाव असते. अशा वेळी 'अमुक चित्रपटाच्या आधी, त्याच खेळात' हे शब्द कार्डावर असले की काम पुष्कळ सोपे होते. मोठ्या चित्रपटाच्या आधाराने आपला चित्रपट ओळखला जाण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. त्या खेळाला आलेला प्रत्येक जण, उशीर केला नाही तर, तुमचा चित्रपट पाहणारच आहे, आणि कार्डाने त्याला पंधरा मिनिटे लवकर आणायचे आहे.

म्हणून डिझायनरला फोन करण्याआधी महोत्सवाच्या कार्यालयाला एक सविस्तर ईमेल पाठवावी. कार्यक्रमाचे नाव किंवा क्रमांक काय, सर्व खेळांच्या वेळा आणि सभागृहे कोणती, कॅटलॉगमध्ये चित्रपटाचे नाव रोमन लिपीत कसे छापले जाणार आहे, प्रचाराचे साहित्य ठेवण्यासाठी टेबल आहे का, आणि निवडीचे बोधचिन्ह, म्हणजे लॉरेल, कोणत्या फाईलमध्ये मिळेल, हे सर्व त्यात विचारावे. रोमन लिपीतले नाव क्षुल्लक समजू नये. कॅटलॉगमध्ये 'खळ्यावरची'तला 'ळ' एका प्रकारे लिहिला आणि कार्डावर दुसऱ्या प्रकारे, तर मराठी न कळणाऱ्या माणसाच्या लेखी ते दोन वेगळे चित्रपट होतात. कॅटलॉगमधले लेखन पटले नाही तरी ते छापून झाले असेल, तर कार्डावर तेच ठेवावे.

वेळापत्रक बहुतेक वेळा उशिरा येते आणि आल्यावरही बदलते. ते हाती येईपर्यंत छपाई थांबवणे परवडत नाही, आणि न थांबता वेळ छापली तर ती चुकण्याची भीती असते. यावर माझा तोडगा एकच आहे: वेळ छापायचीच नाही, तिच्यासाठी कोरी जागा सोडायची. ही जागा किती आणि कोठे, ते मागच्या बाजूच्या चर्चेत येईल.

पुढची बाजू: एक चित्र आणि नाव

कार्डाचा आकार ए-६ ठेवावा, म्हणजे १०५ × १४८ मिमी. आपल्या टपाल खात्याचे साधे पोस्टकार्ड याहून लहान, ९ × १४ सेमीचे असते. पण महोत्सवाच्या टेबलावर बहुतेक कार्डे ए-६ किंवा त्याच्या जवळच्या चार बाय सहा इंच मापाची असतात आणि स्टँडचे कप्पेही त्याच मापाचे मिळतात. वेगळे दिसावे म्हणून चौकोनी किंवा गोल कार्ड करण्याचा मोह टाळावा. त्याच्या कटिंगला जादा पैसे पडतात आणि ते खिशात दुमडते.

चित्रासाठी चित्रपटातली फ्रेम काढून घ्यावी, की शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्याने वेगळे काढलेले स्टिल वापरावे? शक्य असेल तर स्टिलच वापरावे. सेकंदाला २४ फ्रेमच्या चित्रीकरणात प्रत्येक फ्रेम साधारण १/४८ सेकंद उघडी असते, त्यामुळे पडद्यावर स्वच्छ दिसणारा चालता माणूस एकाच फ्रेममध्ये पुसट झालेला असतो. शिवाय पिक्सेलचा हिशेब आहे. कार्ड कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून चारही बाजूंनी ३ मिमी जादा चित्र, म्हणजे ब्लीड, द्यावे लागते. त्यामुळे आडव्या ए-६ ची फाईल १५४ × १११ मिमीची होते, आणि ३०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांच्या, हिशेबाने तिला १८१९ × १३११ पिक्सेल लागतात. फुल एचडी फ्रेम १९२० × १०८० पिक्सेलची असते, म्हणजे ती रुंदीला पुरते आणि उंचीला कमी पडते. ती ताणू नये. रुंदीला बसवली की तिची उंची साधारण ८७ मिमी होते आणि कटिंगनंतर खाली सुमारे २१ मिमीची पट्टी उरते. नावासाठी ती अगदी योग्य जागा आहे. चित्रीकरण ४के मध्ये झाले असेल तर पिक्सेलची ही चिंता राहत नाही, फक्त पुसटपणा पाहावा लागतो.

चित्र निवडताना एकच चेहरा, एकच वस्तू किंवा एकच कृती असलेले निवडावे. सर्व कलाकारांचे चेहरे एका कार्डावर बसवण्याचा आग्रह निर्मात्याकडून, कधी कधी निर्मात्याच्या काकांकडूनही होतो, आणि तो नम्रपणे पण ठामपणे नाकारावा लागतो. 'खळ्यावरची सायकल'साठी मी भुसाने माखलेली, स्टँडवर उभी सायकल आणि मागे पाठमोरा मुलगा एवढेच घेतले असते. चित्र ठरले की घरच्या प्रिंटरवर साध्या कागदावर छापून, कापून, आणखी दहा-बारा कार्डांबरोबर टेबलावर पसरावे आणि चार पावले मागे जाऊन पाहावे. तेथून नाव वाचता आले नाही, तर अक्षर मोठे करावे लागेल. कार्ड उभे करणार असाल तर नाव वरच्या तिसऱ्या भागात घ्यावे, कारण स्टँडच्या कप्प्यात खालचा भाग पुढच्या कार्डामागे झाकला जातो.

नाव देवनागरीत ठेवावे, परदेशातसुद्धा. त्याखाली रोमन लिपीतले नाव आणि इंग्रजी शीर्षक लहान अक्षरांत द्यावे. अनोळखी लिपीचे ठसठशीत अक्षर हे स्वतःच एक चित्र असते आणि त्यासाठी वेगळा खर्च नाही. मात्र फार बारीक फॉन्ट गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्या रंगात घेतला तर छपाईत शाई आत सरकून शिरोरेषा मध्येमध्ये तुटते, तेव्हा मध्यम जाडीचा फॉन्ट घ्यावा.

लॉरेल एक किंवा दोन पुरेत. निवड आणि पुरस्कार यांतला फरक त्यावर स्पष्ट असावा, आणि जेथे केवळ प्रवेशिका पाठवली आहे त्या महोत्सवाचे नाव कोठेही येऊ नये. महोत्सवांचे कार्यक्रम ठरवणारी माणसे एकमेकांना ओळखतात.

मागची बाजू: येथेच खरे काम होते

काही वर्षांपूर्वी मुंबईत एका लघुपट-महोत्सवात रांगेतल्या एका वयस्क गृहस्थांच्या हाती मी मोठ्या अभिमानाने कार्ड दिले. त्यांनी चित्राकडे पाहिलेच नाही. कार्ड उलटले, चष्मा कपाळावरून खाली घेतला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवले आणि विचारले, "केव्हा आहे हो हे? आणि कुठे?" कार्डावर कलाकार, तंत्रज्ञ आणि आभार मिळून सव्वीस नावे होती, पण ही दोन उत्तरे नव्हती. मी तोंडी सांगितले, त्यांनी पेन मागितले, आणि मागची बाजूही गुळगुळीत लॅमिनेट केलेली असल्यामुळे पेन त्यावर चालेना.

तेव्हापासून मी मागच्या बाजूची आखणी कोऱ्या जागेपासून सुरू करतो. ए-४ शीटवर २४ बसणारी जी तयार लेबले स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, ती ६४ × ३४ मिमीची असतात. तेवढी, म्हणजे साधारण ६६ × ३६ मिमीची जागा उजवीकडे खाली रिकामी सोडली, तर कार्डाच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी जागा जाते. महोत्सवाचे वेळापत्रक पक्के झाले की लेबलवर वेळा छापून चिकटवाव्यात, किंवा त्या जागेत हाताने लिहाव्यात. पुढच्या महोत्सवाला तीच कार्डे नव्या लेबलसह चालतात. मुंबईसाठी छापलेले कार्ड क्लेरमाँ-फेराँला नेता येते, ते या जागेमुळेच.

लेबलवर वेळ लिहिताना परदेशासाठी २४ तासांची पद्धत वापरावी, आणि महिना आकड्यात न लिहिता नावाने लिहावा. ३/२ म्हणजे तीन फेब्रुवारी की दोन मार्च, हा घोळ वाचणाऱ्याच्या देशावर अवलंबून असतो. वार, तारीख, वेळ, सभागृह आणि कार्यक्रमाचा क्रमांक या क्रमाने एका खेळाची एक ओळ करावी.

उरलेल्या जागेत पहिला मान कथेच्या एका वाक्याला द्यावा. हे वाक्य पंचवीस शब्दांपुढे जाऊ नये. 'मानवी नातेसंबंधांचा शोध घेणारी भावस्पर्शी कथा' हे वाक्य कोणत्याही चित्रपटाला चालते, म्हणून ते कोणत्याच चित्रपटाचे नसते. त्याऐवजी 'मळणीच्या दिवसांत खळ्यावर बेवारस उभी राहिलेली सायकल कोणाची, हे गावात एकाच मुलाला ठाऊक आहे, आणि तो बोलत नाही' असे लिहिले की वाचणाऱ्याच्या मनात पुढचा प्रश्न उभा राहतो. शेवट सांगू नये, आणि 'हृदयाला भिडणारा', 'विचार करायला लावणारा' ही प्रशस्तिपत्रे स्वतःच स्वतःला देऊ नयेत. क्लेरमाँ-फेराँचा बहुसंख्य प्रेक्षक त्याच शहरातला, फ्रेंच बोलणारा असतो, म्हणून तेथे जाताना हे वाक्य फ्रेंचमध्येही असावे. ते भाषांतराच्या ॲपवर सोडू नये. अलियान्स फ्रान्सेजमध्ये फ्रेंच शिकलेले कोणी ना कोणी पुण्या-मुंबईत ओळखीचे निघतेच.

त्याखाली दिग्दर्शकाचे नाव, निर्मितीचे वर्ष, देश, लांबी मिनिटांत, भाषा आणि सबटायटल्सची भाषा द्यावी. लांबी न विसरता द्यावी, कारण दोन खेळांच्या मधली वेळ जुळवणारा प्रेक्षक तिच्याकडे लक्ष देतो. छायाचित्रण, संकलन, ध्वनी आणि मुख्य कलाकार एवढी नावे पुरेत. संपर्कासाठी एक ईमेल द्यावी, आणि ती वर्षभराने बंद होणारी नसावी. देवनागरी मजकूर ८ पॉइंटच्या खाली नेऊ नये आणि दोन ओळींत जरा जास्त अंतर ठेवावे, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत अडकतात.

क्यूआर कोडबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. तो २ सेमीपेक्षा लहान करू नये, पांढऱ्यावर काळा असावा, आणि त्याच्या चारही बाजूंना त्यातल्याच चार लहान चौकोनांइतकी पांढरी जागा मोकळी ठेवावी. ही जागा चित्राने किंवा अक्षराने भरली की काही फोन तो वाचत नाहीत. दुवा जितका लांब तितका कोड दाट होतो, म्हणून पत्ता छोटा ठेवावा. मध्यस्थ सेवेकडून फुकट मिळणारा 'बदलता' कोड घेतला आणि त्याची मुदत संपली, तर खिशातली सगळी कार्डे एकदम मुकी होतात. त्यापेक्षा स्वतःच्या संकेतस्थळाच्या एखाद्या पानाचा स्थिर कोड करावा आणि त्या पानावरचा मजकूर हवा तेव्हा बदलावा. त्या पानावर ट्रेलर, ताजे वेळापत्रक आणि संपर्क असावा, पण संपूर्ण चित्रपट चुकूनही ठेवू नये. चित्रपट इंटरनेटवर सर्वांना खुला असेल तर अनेक महोत्सव तो घेत नाहीत. कार्यक्रम ठरवणाऱ्यांसाठी ठेवलेल्या खासगी दुव्याचा पासवर्डही कार्डावर छापू नये.

प्रेसमध्ये जाताना

एकदा मी घाईत कार्डाची उघडी फाईल पुण्यातल्या एका प्रेसला पाठवून दिली आणि प्रूफ न पाहताच 'छापा' असे फोनवर सांगितले. चारशे कार्डे आली. त्यांवर 'दिग्दर्शक' या शब्दातला रफार उडून त्याच्या जागी 'र'चा पाय मोडलेला दिसत होता, आणि 'लिखित'मधल्या दोन्ही वेलांट्या आपापल्या अक्षरांच्या मागे जाऊन बसल्या होत्या. प्रेसच्या संगणकावर जुने सॉफ्टवेअर होते, त्याला युनिकोड देवनागरीतली जोडाक्षरे जुळवता येत नव्हती, आणि माझा फॉन्टही तेथे नव्हता. चूक त्यांच्यापेक्षा माझीच अधिक होती. तेव्हा फाईल देण्याआधी सर्व मजकूर कर्व्हमध्ये बदलून घ्यावा, म्हणजे अक्षरे ही अक्षरे न राहता आकृत्या होतात आणि कोणत्याही संगणकावर तशीच दिसतात. बदलण्यापूर्वीची मूळ फाईल वेगळ्या नावाने जपून ठेवावी, कारण कर्व्ह केलेल्या मजकुरात नंतर एक काना बदलायचा म्हटला तरी बदलता येत नाही. प्रेसला पीडीएफ द्यावी, आणि छापील प्रूफवरचा प्रत्येक शब्द चित्रपटाशी संबंध नसलेल्या एका माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावा.

रंगांची फाईल सीएमवायके, म्हणजे छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या या चार शायांच्या हिशेबाची असावी. संगणकाचा पडदा स्वतः प्रकाश देतो आणि कागद देत नाही, त्यामुळे रात्रीच्या प्रसंगातली फ्रेम पडद्यावर गूढ वाटते आणि कागदावर नुसती काळपट उमटते. पडद्याचा उजेड निम्मा करून फ्रेम पाहावी, चेहरा दिसेनासा झाला तर मधल्या छटा उजळून घ्याव्यात, आणि हे करताना छायाचित्रकाराला शेजारी बसवावे. बारीक मजकुराला फक्त काळी शाई वापरावी. तो चारही रंगांच्या काळ्यात घेतला, तर छपाईत रंग केसभर सरकला तरी अक्षरांना रंगीत कडा येतात. मोठ्या काळ्या पार्श्वभूमीला मात्र नुसती काळी शाई फिकी पडते, म्हणून तेथे तिच्याखाली इतर रंगांचा थर द्यावा लागतो. किती द्यायचा, ते प्रेसवाल्याला विचारावे, कारण त्याचे यंत्र त्यालाच ठाऊक असते.

कागद ३०० ते ३५० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) असावा, आणि मागची बाजू कोटिंग नसलेली, पेन चालेल अशी असावी. दुकानातच नमुन्याचा तुकडा मागून त्यावर बॉलपेनने लिहावे आणि लगेच अंगठा फिरवून पाहावा. लॅमिनेशन फक्त पुढच्या बाजूला केले की दमट हवेत कार्ड वाकते, कारण उघडी बाजू ओल शोषून फुगते आणि झाकलेली तशीच राहते. मुंबईत पावसाळ्याच्या तोंडावर महोत्सव असेल तर हे ध्यानात ठेवावे. अशा वेळी मी लॅमिनेशन वगळून जाड, मॅट कागद घेतो. त्याच्या कडा थोड्या लवकर झिजतात, पण वाकलेल्या कार्डाचा गठ्ठा टेबलावर नीट बसतच नाही.

पाचशेच्या आत कार्डे हवी असतील तर डिजिटल छपाई सोयीची. हजारांच्या पुढे ऑफसेट स्वस्त पडते. डिजिटलसाठी सामान्यतः १३ × १९ इंचांची शीट वापरली जाते आणि तिच्यावर ब्लीडसह ए-६ ची आठ कार्डे बसतात. दर शीटवर ठरत असल्यामुळे २०० कार्डांना २५ शीट आणि ४०० ला ५० शीट, असा आठच्या पटीत हिशेब करून भाव विचारावा. २१० कार्डे मागितली तर सत्ताविसाव्या शीटवरची सहा जागा तशाच कापल्या जातात. दोन-तीन खेळांच्या महोत्सवासाठी २०० कार्डे माझ्या अनुभवात पुरतात, आणि क्लेरमाँ-फेराँसारख्या आठवडाभराच्या, लघुपटांचा बाजारही सोबत भरणाऱ्या ठिकाणी ४०० न्यावीत. ३५० जीएसएमचे एक ए-६ कार्ड साधारण साडेपाच ग्रॅम भरते, म्हणजे ४०० कार्डांचे ओझे सव्वादोन किलोच्या आसपास जाते. विमानात सात किलोच्या हातपिशवीत ते किती जागा खाईल, हे आधीच पाहून ठेवावे. निम्मी कार्डे हातातल्या पिशवीत आणि निम्मी मोठ्या बॅगेत ठेवावीत, म्हणजे एक बॅग हरवली तरी रिकाम्या हाताने उभे राहावे लागत नाही.

महोत्सवात कार्डे वाटताना

पोहोचल्याबरोबर कार्यालयात जाऊन साहित्य ठेवण्याची जागा विचारावी. विचारल्याशिवाय भिंतीवर, खांबावर किंवा खुर्च्यांवर काही ठेवू नये. टेबलावर एका वेळी दहा-पंधरा कार्डे ठेवावीत आणि दिवसातून तीनदा येऊन पाहावे. शंभरांचा गठ्ठा एकदम ठेवला तर तो कोणी उचलत नाही आणि दुपारपर्यंत त्याच्यावर चहाचा कप आलेला असतो. पणजीत मांडवीकाठी वारा असतो, तेव्हा उघड्यावरच्या टेबलासाठी एखादा वजनदार दगड बरोबर ठेवावा. जमिनीवर पडलेली आपली कार्डे स्वतः उचलावीत.

मात्र टेबलावरून गेलेल्या कार्डापेक्षा हातातून दिलेले कार्ड जास्त प्रेक्षक आणते, असा माझा अनुभव आहे. रांगेत लोक कंटाळलेले असतात आणि त्यांना वाचायला काहीतरी हवे असते. पेडर रोडवर फिल्म्स डिव्हिजनच्या जुन्या आवारात, जेथे माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनचा, १९९० मध्ये सुरू झालेला आणि दर दोन वर्षांनी होणारा मुंबई महोत्सव भरला आहे, तेथे एका सभागृहातून दुसऱ्याकडे जाणारी माणसे मधल्या मोकळ्या जागेत थांबतात. तिरुवनंतपुरमच्या लघुपट-महोत्सवात कैरळी-श्री-निळा चित्रपटगृहांच्या पायऱ्यांवर डेलिगेट तासन्‌तास बसून चर्चा करतात. अशा ठिकाणी जाऊन आधी समोरच्याला 'तुम्ही आज काय पाहिलेत?' असे विचारावे, त्याचे ऐकून घ्यावे, आणि मग कार्ड द्यावे. 'माझा लघुपट आहे, चौदा मिनिटांचा, उद्या सकाळी अकराच्या कार्यक्रमात तिसरा' एवढे बोलणे पुरते. वेळेची ओळ बोटाने दाखवून द्यावी. समोरच्याने घेतले नाही तर आग्रह करू नये, आणि खेळ सुरू झाल्यावर अंधारात कार्डे पुढे सरकवू नयेत.

आपल्याच कार्यक्रमातल्या इतर दिग्दर्शकांना पहिल्याच दिवशी गाठावे. त्यांचे प्रेक्षक तेच तुमचे प्रेक्षक असल्यामुळे येथे स्पर्धेला अर्थ नाही. एकमेकांची कार्डे एकमेकांनी वाटली तर प्रत्येकाचे काम हलके होते. स्वयंसेवकांनाही कार्ड आवर्जून द्यावे. दारावर उभ्या असलेल्या मुला-मुलींना दिवसभर 'काय चांगले आहे?' हा प्रश्न विचारला जातो, आणि त्यांच्या तोंडून तुमचे नाव निघाले तर त्याचे वजन तुमच्या बोलण्यापेक्षा जास्त असते.

खेळ संपल्यावर दाराशी उभे राहून वेगळी कार्डे द्यावीत, म्हणजे वेळेचे लेबल नसलेली. आता त्या माणसाला चित्रपट पाहून झाला आहे; त्याला हवा आहे तो तुमचा पत्ता. दुसऱ्या महोत्सवाचे कोणी भेटले तर त्या कोऱ्या जागेत आपण कोठे भेटलो आणि काय बोललो हे दोन शब्दांत लिहून कार्ड द्यावे. दिवसाला पन्नास कार्डे गोळा करणाऱ्या माणसाला चार आठवड्यांनी चेहरा आठवत नाही, पण 'पावसात चहाच्या टपरीवर, ध्वनीबद्दल' हे वाचले की आठवतो. त्यांच्याकडून मिळालेल्या कार्डावरही त्याच रात्री अशीच नोंद करावी.

परत आल्यावर उरलेली कार्डे मोजून किती गेली आणि कोठे गेली हे लिहून ठेवावे, कारण पुढच्या महोत्सवासाठी किती छापायची याचा अंदाज त्यावरूनच येतो. उरलेल्यांवर जुने लेबल असेल तर ते ओढून काढू नये, कागदाचा थर निघतो. त्याच्यावरच नवे लेबल चिकटवावे. मूळ फाईल, कर्व्ह केलेली फाईल, कागदाचे नाव आणि जीएसएम, प्रेसने लावलेला दर आणि छापलेले एक कार्ड हे सगळे एकाच पाकिटात ठेवून त्यावर तारीख घालावी.